पाण्याची पाऊणकी

कोकणातल्या समुद्राची वर्णने लिहिणारे बहुधा दोन दिवसांचे पाहुणे असतात. दोन दिवसांत समुद्र कुणालाही आवडतो. पण ज्याला तिथे नऊ दिवस काढायचे आहेत आणि ज्याचे वय अवघे दहा आहे, त्याला तिसऱ्या दिवशी समुद्राचा कंटाळा येतो, ही गोष्ट प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाही.

गेल्या मे महिन्यात मी भाच्याला घेऊन दापोलीजवळच्या हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, शिवाय वाळूवर भरणारा मासळीचा लिलाव. हे सारे दोन दिवसांत पाहून झाले. १७५५ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, ही माझी प्राध्यापकी माहितीही संपली. तिसऱ्या दुपारी भाचा पडवीत पालथा पडून म्हणाला, "मामा, इथे रोज तेच आहे."

त्याच दिवशी ताईचा फोन आला. "कंटाळला असेल तर आणून सोड. चित्रकलेच्या शिबिरात एक जागा आहे अजून."

"ताई, कंटाळू दे त्याला दोन दिवस," मी म्हणालो.

संध्याकाळी जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलापुढे त्याने तेच गाऱ्हाणे मांडले. तांडेल हसला. "रोज तेच? मग काल पाणी किती वाजता भरलं होतं, सांग बघू." पोराला सांगता येईना. "आज तिथी कुठली?" तेही येईना. मग म्हाताऱ्याने हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. गावागणिक थोडे मागेपुढे होते, एवढेच.

आमच्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी छड्या खाऊन पाठ केली होती. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे पाऊणकी शाळेतून गेली. समुद्राने मात्र ती अजून ठेवली आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, आणि पाणी त्याच्या मागून.

दुसऱ्या दिवसापासून भाचा घड्याळ आणि काटक्या घेऊन वाळूत बसू लागला. पाणी चढेल तिथे काटकी रोवायची आणि वेळ लिहायची. अष्टमीच्या सुमारास तो धावत आला. "मामा, पाणी कालच्या काटकीपर्यंत आलंच नाही!" तांडेलाला ते ठाऊकच होते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीला त्यांची ओढ काटकोनात, म्हणून भांगाची भरती. "हा हिशेब चुकला, तर होडी वाळूत रुतते आणि मासळी नासते," तो म्हणाला. भाच्याने तेही वहीत लिहिले.

हे मी त्याला शिकवले नाही, आणि शिबिरात ते सापडले असते असेही नाही. त्याला एक रिकामी दुपार मिळाली होती, एवढेच.

एकादशीला आमची एस.टी. पहाटेची. अंधुक उजेडात पाणी अजून काटक्यांपासून दूर होते. भाच्याने बोटांवर पाऊणकी मोजली. "अकराची सव्वाआठ. मामा, आपण नसलो तरी ते वेळेवर येईल?"

"येईल," मी म्हणालो.

"मग तांडेल आजोबांना सांगून येतो, काटक्या काढू नका म्हणून," असे म्हणून तो वाळूतून पळत सुटला.