मोत्याच्या वाट्याचं तेल

कुवेतहून येणाऱ्या बॅगेत काय असतं, हे कोकणातल्या मुसलमानाला सांगावं लागत नाही. दुधाची पावडर, खजूर, अत्तर, डोकेदुखीचा बाम. यंदा भाचीच्या बॅगेतून कुत्र्याला द्यायच्या तेलाची बाटलीही निघाली. सालमन माशाचं तेल, वर दाबायचा पंप, लेबलावर हसरा कुत्रा. सोबत कुत्र्यांसाठीच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांचा डबा. "मामू, मोत्याला द्या. त्याचे पाय धरलेत असं अम्मी फोनवर सांगत होती."

मोत्या आमच्या बागेचा कुत्रा. गावठी, लाल-तांबडा, वय अकरा. हापूस धरायला लागला की वानरांच्या टोळ्या उतरतात, आणि खालच्या बाजूला कणगं लावली की रानडुकरं. दहा वर्षं ही राखण मोत्याने केली. आता पावसाळी हवेत त्याला उठायला वेळ लागतो. आधी पुढचे पाय उभे राहतात, मग मागचा भाग ओढत वर येतो. गडगा ओलांडणं संपलं.

ज्या वाचकांच्या घरी कुत्रा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. देशावरचे आमचे हनफी भाईबंद कुत्र्याची लाळ नापाक मानतात. आमच्याकडे अख्खा कुत्राच नजिस. भांड्याला तोंड लावलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. इमाम मालिक यांचं मत याहून बरंच सैल आहे, पण अम्मीपुढे इमाम मालिक काढून उपयोग नाही. तरीही शेतीसाठी, गुरांसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळायला हदीसमध्ये मुभा आहे, आणि तिच्याच आधारावर आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा आहे. त्याची दगडी डोण खळ्याच्या टोकाला. चमचा वेगळा, तो बाहेरच खुंटीला टांगलेला.

बाटली बघून अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "हलाल आहे का?" कुत्र्याला हलालची अट नाही, असं भाची हसत म्हणाली. अम्मी म्हणाली, "हात आपला लागतो." मासळीचं तेल आहे म्हटल्यावर तिची हरकत संपली. मासळीला जबिहा लागत नाही.

खरा घोळ पुढे झाला. घरात औषधाची बाटली आली की प्रत्येकजण डॉक्टर होतो. चुलतभावाने सुचवलं, अम्मीच्या कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आहेत, त्यातल्या दोन रोज दे, शिवाय तिच्या कॅल्शियमची अर्धी गोळी. मुकी जनावरं, जितकं मिळेल तितकं चांगलं. चांगल्या मनाने दिलेला हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

माशाचं तेल दोन तऱ्हेचं असतं. एक माशाच्या अंगातून काढलेलं. त्यात ओमेगा-३ ही स्निग्धाम्लं असतात आणि सांध्याची सूज कमी करायला तीच उपयोगी पडतात. संधिवात झालेल्या कुत्र्यांवरच्या चाचण्यांत याचा फायदा दिसलेला आहे. दुसरं तेल माशाच्या लिव्हरमधून काढलेलं. त्यात ओमेगा-३ असतंच, पण अ आणि ड जीवनसत्त्वंही ठासून भरलेली असतात. ही दोन्ही शरीरात साठत जातात. अ जास्त झालं की हाडांवर गाठी धरतात, मानेचे सांधे आखडतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी तेल द्यायचं तेच वाढवून ठेवायचं. ड जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. उंदीर मारायच्या काही विषांत हेच ड जीवनसत्त्व वापरलेलं असतं, हे मला तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी चुलतभावाकडे बघितलं. 2019 मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला कुत्र्यांचं डबाबंद खाद्य परत मागवावं लागलं होतं, तेही त्यात ड वाजवीपेक्षा जास्त पडलं म्हणून.

माणसांच्या गोळ्यांचा आणखी एक सापळा आहे. चघळायच्या बिनसाखरेच्या काही गोळ्यांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. माणसाला त्याचं काही होत नाही. कुत्र्याची मात्र रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते, पुढे लिव्हरही जातं.

डॉक्टरांनी मोत्याला तपासायच्या आधी विचारलं, "हा खातो काय?" हा प्रश्न आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. भात, माशाची डोकी, बकऱ्याचे कोथळे, आठवड्यातून एखादं अंडं. डॉक्टर म्हणाले, खाणं बरं आहे, पण वजन चार किलो जास्त आहे. आधी भात कमी करा, सांध्यांचं अर्धं काम तिथेच होईल. दुखण्यावर त्यांनी कुत्र्याची वेगळी गोळी लिहून दिली. आपल्या घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी द्यायची नाही, हे दोनदा बजावलं. मल्टिव्हिटॅमिनचा डबा बाजूला ठेवायला सांगितला. क जीवनसत्त्व कुत्र्याचं लिव्हर स्वतःच तयार करतं, बाकीची खाण्यातून येत होती. तेलाची मात्रा वजनाप्रमाणे ठरवली, तीही पाव मात्रेपासून हळूहळू वाढवत. एकदम दिलं तर जुलाब होतात. आणि तेल म्हणजे शेवटी चरबीच. चहाच्या एका चमच्यात चाळीसेक कॅलरी. त्या भातातून वजा करायच्या.

यात मला एक गोष्ट फार लागली, ती मी नंतर वाचली. 1919 मध्ये लंडनला एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून, निवडक आणि निकस खाण्यावर वाढवली. पिल्लांचे पाय वाकले, मुडदूस झाला. कॉड लिव्हर ऑइल दिलेल्या पिल्लांना तो झाला नाही. या धाग्यावरून पुढे 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांच्या प्रयोगांतून ड जीवनसत्त्व वेगळं ओळखलं गेलं. उन्हात कुत्र्याच्या कातडीत ड जवळजवळ तयारच होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. म्हणजे मोत्या दिवसभर खळ्यात ऊन खात पडतो ते त्याच्या हाडांच्या कामाचं नाही; बांगड्याची डोकी कामाची. तीच गोष्ट पेलाग्राची. ज्वारीवरच पोट भरणाऱ्या दख्खनच्या गरिबांत हा रोग दिसायचा. 1937 मध्ये एल्वेहेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी पडलेली जीभ बरी केली, आणि माणसाच्या पेलाग्राचं औषध हाती आलं. आपल्या पोरांच्या तोंडात पडलेला तेलाचा चमचा आधी कुणाच्या अंगावर तपासला गेला होता, हे कळल्यावर कुत्र्यावर औषधाचा पैसा कशाला, हा प्रश्न मला थोडा कोता वाटू लागला.

तो प्रश्न आला मात्र होताच. बागेच्या राखणदाराने सरळ सांगितलं, "भाई, आता नवं पिल्लू आणूया. ह्याचे दिवस भरले." त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, बागेचा हिशेब होता. फुफीने जास्त अडचणीचं विचारलं. मुभा राखणीच्या कुत्र्याला आहे ना? हा आता राखण करत नाही. मग दारात ठेवायचा कोणत्या आधाराने? बिनकामाचा कुत्रा पाळला तर रोज सवाबातून किरात वजा होतो, ही हदीस तिला पाठ आहे.

मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, "बैल म्हातारा झाला की तुम्ही काय म्हणता?" मग तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्याने विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्या बदनाम बाईची आठवण दिली. तो कुत्रा तिची राखण करत नव्हता. तिचा तर तो नव्हताच. फुफीला हे पूर्ण पटलं नाही. अम्मी काही बोलली नाही. ती दर जुम्म्याला सूरे कहफ पढते. गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा त्यात दर आठवड्याला तिला भेटतो.

बाटली दोन महिन्यांत संपली. केस चमकले, कोंडा गेला. उठायचा वेळ कमी झाला, पण त्याचं श्रेय तेलाला किती, दुखण्याच्या गोळीला किती आणि कमी केलेल्या भाताला किती, हे वेगळं काढता येणार नाही. गडगा तो ओलांडत नाही, ओलांडणारही नाही.

नवीन बाटली मागवली नाही. तारलीच्या हंगामात आमच्या बंदरावर टोपल्या ओतल्या जातात. त्यात तेच ओमेगा-३, आणि तेलकटपणा इतका की शिजवताना वर तवंग येतो. एकीकडे आपण हा मासा कुटीसाठी पाठवतो आणि दुसरीकडे थंड समुद्रातल्या माशाचं तेल कुवेतमार्गे घरी आणतो, याची मला गंमत वाटते. आता तारली मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता कुकरमध्ये चार शिट्ट्या जास्त देऊन शिजवतो, काटा बोटाने कुस्करेल इतका मऊ होईपर्यंत. कच्ची देत नाही. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा पदार्थ असतो, तो शिजवल्यावर मरतो. सुकट तर अजिबात नाही, ती निव्वळ मीठ. जवसाचं तेल चालेल का, असं पुण्याच्या एका मित्राने विचारलं होतं. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं आहे, आणि कुत्र्याचं शरीर त्यातलं फार थोडं कामाच्या जातीत बदलू शकतं.

राखणदाराने पिल्लू आणलंच. काळं, कान पडलेले. भाच्याला त्याला लगेच कॅल्शियमचं टॉनिक द्यायचं होतं. डॉक्टरांनी नको सांगितलं, कारण इतक्या लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. टॉनिक नाही मिळालं तरी पिल्लाचं काही अडलं नाही, ते मोत्याची तारली पळवतं. म्हणून मोत्याची डोण आता पडवीच्या पायरीपाशी आणली आहे. अम्मीने तिथे चुन्याची रेघ मारली आहे. त्याने ती ओलांडायची नाही. बहुतेक दुपारी तो रेघेवर पुढचे पाय टाकून झोपलेला असतो.