फ्रेडी नक्की कुठला?

‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी कुठला, असं चार माणसांना विचारलं तर पाच उत्तरं येतात. मुंबईत जन्मलेला. मूळचा इराणी. टांझानियाचा. मुसलमान. आणि शेवटचं, जरा तुच्छतेनं दिलेलं: छे, पक्का ब्रिटिश, भारताशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. मी ही पाचही उत्तरं एकेक करून तपासायला घेतली, ती मुख्यतः पंचगणीमुळे. टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना त्याच गावातल्या एका शाळेत हा मुलगा राहून शिकला हे माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं ते लगेच म्हणतात, ‘म्हणजे आपलाच की!’ हे ‘आपला’ कितपत खरं, ते मला बघायचं होतं.

मुंबईतला जन्म आधी निकालात काढू. फारोख बुलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये जन्मला. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, कोर्टात कॅशियर होते. आईचं नाव जेर, धाकट्या बहिणीचं कश्मिरा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बेटावर पारशी कारकून कसा, असं वाटू शकतं. पण कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची गलबतं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात होती. १८९० मध्ये झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आलं आणि मग इंग्रजी लिहिता-वाचता येणारे, हिशोबाला पक्के असे लोक हिंदुस्थानातून तिथल्या कचेऱ्यांतही गेले. पारशांची तिथे अग्यारीसुद्धा होती.

आता टांझानिया. इथे एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे तारीख. झांझिबार डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झालं. १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली, सुलतान पळाला, अरब आणि भारतीय वंशाच्या अनेकांचे जीव गेले. एप्रिलमध्ये झांझिबार आणि टांगानिका एक झाले आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात नव्या देशाला टांझानिया हे नाव मिळालं. बुलसारा कुटुंब त्याच वर्षी सामान बांधून लंडनजवळच्या फेल्टमला गेलं. म्हणजे ज्या देशाचा म्हणून फ्रेडीला ओळखतात, तो जन्माला येत असतानाच हे कुटुंब तिथून जीव मुठीत धरून निघालेलं होतं.

‘मुसलमान’ हे उत्तर कुठून आलं असावं याचा अंदाज सोपा आहे. फारोख हे फारसी नाव, झांझिबार मुस्लिमबहुल, त्यात १९७८ च्या अल्बममध्ये ‘मुस्तफा’ नावाचं गाणं. पण गाण्याच्या नावावरून गायकाचा धर्म ठरत असता तर आपल्या निम्म्या गायकांची पंचाईत झाली असती. त्याचं घर झरतुष्ट्री होतं, आणि लंडनमध्ये त्याचे अंत्यविधीही पारशी दस्तुरांनीच केले.

‘इराणी’ हे उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसाला तरी चकवू नये. आपल्याकडे इराणी आणि पारशी हा फरक चहाच्या टेबलावरच कळतो. ज्यांच्या कॅफेत आपण बनमस्का खातो त्यांचे पूर्वज बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इराणमधून आले. पारशी त्याच्या हजारएक वर्षं आधी गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि गुजराती बोलू लागले. बुलसारा कुटुंब या दुसऱ्या गटातलं. पुरावा आडनावातच आहे. बुलसार म्हणजे आजचं वलसाड. भरुचा भरुचचे, उदवाडिया उदवाड्याचे, तसे बुलसारा बुलसारचे. ‘कर’ लावून गाव सांगणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शंभर पिढ्यांपूर्वीच्या घराला मूळ म्हणायचं असेल तर तो इराणी. आडनावातल्या गावाला म्हणायचं असेल तर गुजरातचा.

मग भारतीय म्हणावं का? इथे मी अडखळलो, आणि कारण पुन्हा तारीखच. १९४६ च्या सप्टेंबरात भारत हे प्रजासत्ताक नव्हतं, पाकिस्तान नव्हतं, टांझानिया नव्हतं. होतं ते ब्रिटिश साम्राज्य, आणि वलसाड, मुंबई, झांझिबार ही त्याच साम्राज्यातली ठिकाणं होती. बोमी बुलसारांच्या दृष्टीनं मुंबईहून झांझिबारला जाणं हे आजच्या अर्थानं परदेशी जाणं नव्हतंच. पुढे १९५० मध्ये आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या आठव्या कलमानं परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना एक दार उघडं ठेवलं: आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेलं असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक व्हा. म्हणजे नुसतं मूळ पुरेसं नव्हतं, अर्ज करावा लागत होता. आज आपण ज्याच्या मुळावरून त्याला परस्पर ‘भारतीय’ करून टाकतो, त्याच्या बाबतीत घटना लिहिणारे आपल्याहून जास्त सावध होते.

पण कागदाबाहेरही एक हिशोब असतो. आठेक वर्षांचा असताना फारोखला पंचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये ठेवलं. १९६३ पर्यंत तो भारतात होता, सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचा. पियानो इथे शिकला. बाराव्या वर्षी ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढून रॉक अँड रोलची गाणी वाजवू लागला. त्या गाण्यांत क्लिफ रिचर्डही होता, जो स्वतः लखनौचा जन्म. आणि ‘फ्रेडी’ हे नाव रूढ झालं तेही याच शाळेत. ‘मर्क्युरी’ त्यानं १९७० च्या सुमारास लंडनमध्ये घेतलं. जगाला पाठ असलेल्या त्या नावाचा पहिला अर्धा भाग सातारा जिल्ह्यातला आहे. एवढ्यावर खूश व्हायला माझी काही हरकत नाही.

उरलं ‘पक्का ब्रिटिश’. त्यानं मुलाखतींत झांझिबार-पंचगणीबद्दल फारसं बोलणं टाळलं, म्हणून त्याला मुळांची लाज होती असं लोक सहज म्हणतात. पण तो लंडनमध्ये कलाशाखेचा विद्यार्थी होता तेव्हाचं इंग्लंड आठवून बघा. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, तेव्हा फ्रेडी एकवीस वर्षांचा होता. सावळ्या माणसाला रस्त्यात ‘पाकी’ म्हणून हिणवायचे ते दिवस. तो वलसाडचा की लाहोरचा हे कुणी विचारत नसे. अशा ठिकाणी मूळ न सांगणं याला लाज म्हणण्याआधी मी दहादा विचार करीन. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न कधी कुतूहलानं येतो, कधी दार बंद करण्यासाठी. ज्याला तो दुसऱ्या प्रकारे विचारला जातो, त्याला उत्तर न देण्याचा हक्क आहे.

आणि समजा त्यानं सांगितलं असतं, तर आपण घेतला असता का त्याला? २००६ मध्ये झांझिबारमध्ये त्याचा साठावा वाढदिवस साजरा करायचं ठरलं होतं. त्याचं समलैंगिक असणं पुढे करून धार्मिक गटानं विरोध केला आणि बेत रद्द झाला. आज त्याच गावात त्याचं संग्रहालय आहे, पर्यटक रांग लावतात. यावर नाक मुरडण्याआधी आपल्या घरात डोकवावं. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तो पंचगणीतच राहिला असता, तर त्याचं प्रेम या देशात गुन्हा ठरलं असतं. सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातला तो भाग रद्द केला ६ सप्टेंबर २०१८ ला. त्याच्या बहात्तराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

तेव्हा माझ्या तपासणीचा निकाल असा: आडनाव वलसाडचं, जन्म झांझिबारचा, धर्म झरतुष्ट्री, शाळा आणि हाकेचं नाव पंचगणीचं, कर्तृत्व लंडनचं. यातलं एकही खोडता येत नाही आणि एकट्यानं पुरतही नाही. फेल्टममधल्या त्याच्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी लागली. तिच्यावर ‘फ्रेडी मर्क्युरी’च्या खाली कंसात ‘फ्रेड बुलसारा’ लिहिलं आहे. देशाचं नाव नाही. तो गायक-गीतकार होता आणि इथे राहिला, एवढंच.