शिसव, आबनूस आणि सहा मिलिमीटर

मराठी गद्यात ‘शिसवी’ हे विशेषण जुने आहे आणि लेखकांना फार सोयीचेही आहे. शिसवी झोपाळा, शिसवी पलंग, शिसवी देव्हारा असा एक शब्द लिहिला की घराची सुबत्ता, त्या सुबत्तेचे वय आणि बहुधा तिची उतरती कळाही वाचकाला कळून चुकते. लाकूड कसे दिसते हे सांगण्याची गरज उरत नाही. ते काळे असते, हे गृहीतच असते. माणसाच्या वर्णाला ‘शिसवासारखा काळा’ अशी उपमा देण्याची रीत आपल्या भाषेत होती आणि तीत कौतुकापेक्षा कुत्सितपणाच अधिक असे. या शब्दाचे मूळ संस्कृतातल्या ‘शिंशपे’पर्यंत जाते. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान ज्या वृक्षात दडून सीतेला पाहतो, तो शिंशपा. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक तो उत्तरेकडचा शीशम मानतात. आपला सह्याद्रीतला शिसव त्याचा सख्खा चुलतभाऊ, शास्त्रीय नावाने डाल्बर्जिया लॅटिफोलिया. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या लाकडाचे नक्षीदार सामान साहेबांसाठी घडवले जाई, तेव्हा त्याला ‘ब्लॅकवुड’ म्हणत. आज जगाच्या बाजारात त्याचे नाव ‘रोझवुड’ आहे, कारण करवत लागली की त्याला गुलाबासारखा मंद वास येतो. एका भाषेने वासावरून नाव ठेवले, दुसरीने रंग लक्षात ठेवला.

आबनुसाची गोष्ट वेगळी आहे. ‘आबनूस’ आणि ‘एबनी’ ही एकाच शब्दाची दोन रूपे. प्राचीन इजिप्तमधला शब्द ग्रीकांनी घेतला. तिथून एक वाट लॅटिनमार्गे इंग्रजीत गेली आणि दुसरी अरबी-फारसीतून आपल्यापर्यंत आली. वृक्षाच्या कुळाशी आपली ओळख आहे, कारण विड्यांच्या पानांचा तेंदू त्याच कुळातला. परंतु आबनुसाचे लाकूड मराठी घरात क्वचितच होते. त्यामुळे इंग्रजी कादंबरीत ‘एबनी’ आले की मराठी अनुवादक अनेकदा ‘शिसवी’ लिहून मोकळा होतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. मराठीपुरती ही दोन्ही लाकडे एकच आहेत.

इलेक्ट्रिक गिटारच्या जगात मात्र नेमक्या याच दोन लाकडांतील भेदावर गेली कित्येक दशके वाद चालू आहे. आम्ही रत्नागिरीत राहून साहित्य शिकवतो आणि फावल्या वेळात हे वाद्य वाजवतो. त्यामुळे या वादाची दोन्ही टोके आमच्या घरातच येऊन मिळतात.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. सतारीच्या दांडीवर धातूचे बाकदार पडदे बांधलेले असतात. तार पडद्यावर टेकते, खालच्या लाकडापर्यंत पोहोचत नाही. सरोदला पडदेच नाहीत. तिथे बोट पोलादी पत्र्यावर सरकते. गिटारच्या दांडीवर सुमारे सहा मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी चिकटवतात, तीत बारीक करवतीने खाचा पाडतात आणि त्या खाचांत धातूचे पडदे ठोकून बसवतात. ती पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. आबनूस की शिसव, हा प्रश्न या सहा मिलिमीटरचा आहे.

वादातील शब्द पाहण्यासारखे आहेत. आबनुसाचा स्वर म्हणे उजळ, घट्ट, तत्पर. शिसवाचा उबदार, गोल, मधाळ. हे वाचताना आम्हांला आपल्याकडच्या कवितासंग्रहांची परीक्षणे आठवतात. तरल, आशयघन, संयत ही विशेषणे कोणत्याही संग्रहाला चिकटवता येतात आणि कवितेची एकही ओळ पुढे ठेवावी लागत नाही. गिटारविषयीच्या शब्दांत आणखी एक गंमत आहे. तपकिरी, जांभळट छटांच्या लाकडाला ‘उबदार’ म्हणण्याची बुद्धी कानाला झाली की डोळ्याला? डोळ्यांवर पट्टी बांधून हेच विशेषण सुचले असते काय? मराठी वादक जर ‘शिसवी’ म्हणजे काळेकुट्ट, अशी भाषा घेऊन वाढला असेल, तर त्याला या लाकडात ऊब ऐकू यावी हे थोडे विचित्रच म्हटले पाहिजे.

विज्ञानाचे म्हणणे या दोन्ही पक्षांना पुरते सुखावणारे नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार एका टोकाला धातूच्या पडद्यावर आणि दुसऱ्या टोकाला घोडीवर टेकलेली असते. पिकअप नावाचे चुंबकीय यंत्र तारेचे कंपन टिपते. लाकडाचा आवाज ते जवळजवळ ऐकतच नाही. म्हणजे लाकडाचा शिरकाव होतो तो आडवाटेने. दांडी स्वतः थरथरते आणि विशिष्ट स्वरांना तारेतील शक्ती शोषून घेते. असा स्वर इतरांच्या आधी विझतो. वादक त्या जागेला ‘डेड स्पॉट’ म्हणतात; जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९९ साली या मृत जागांवर शोधनिबंध लिहिला. पुढे फ्रान्समध्ये आर्थर पाते, ज्याँ-लोइक ल कारू आणि बन्वा फाब्र यांनी थेट आपलाच प्रश्न घेतला. बाकी सर्व शक्य तितके सारखे ठेवून एका गिटारला आबनुसाची व दुसरीला शिसवाची पट्टी बसवली आणि २०१३ साली स्टॉकहोमच्या परिषदेत मोजमापे मांडली. फरक आढळला, पण तो ‘उजळ’ आणि ‘उबदार’ अशा सरसकट गुणांचा नव्हता. दांडी कोणत्या स्वराला किती हलते, आणि म्हणून कोणता स्वर किती टिकतो, असा तो सुटासुटा फरक होता. २०१५ साली याच गटाने वादकांना काय जाणवते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा लेखकांत दानिएल द्युबुआ या भाषेच्या अभ्यासकही होत्या. लाकडाचा अभ्यास करायला निघालेल्यांना भाषाभ्यासक सोबत घ्यावासा वाटला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावे.

(आपल्या रागसंगीतात गिटार आली ती या वादाला बगल देऊनच. ब्रिजभूषण काबरा यांनी ती आडवी ठेवून, तारा उचलून, वरून पोलादी कांडी फिरवली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त त्यांचीच गिटार आहे. तिथे तार पट्टीला लागतच नाही.)

मग आबनूस श्रेष्ठ, ही समजूत आली कुठून? आमच्या मते ती कानातून आली नाही, दर्जातून आली. व्हायोलिनची पट्टी परंपरेने आबनुसाची. गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल गिटार काढली ती शिसवी पट्टीची. १९५४ साली तिचीच काळीभोर, महाग आवृत्ती काढली तेव्हा पट्टी आबनुसाची केली. फेंडरच्या पहिल्या गिटारींना वेगळी पट्टीच नव्हती, मेपलच्या दांडीतच पडदे ठोकलेले असत. १९५८ पासून त्यांनी शिसवी पट्टी आणली, कारण फिकट मेपल बोटांच्या मळाने वाईट दिसे. म्हणजे एकीकडे प्रतिष्ठा आणि दुसरीकडे मळखाऊपणा. आमच्या आजीने साड्या याच दोन निकषांवर निवडल्या असत्या.

बोटाला मात्र भेद खरोखर कळतो. आबनूस जड आणि दाट असतो, त्याची छिद्रे जवळजवळ दिसत नाहीत, आणि तार ओढून मींड घेताना बोट काचेवरून जावे तसे जाते. शिसवाचा रेषा-रेषांचा पोत बोटाखाली लागतो. कोरड्या हवेत आबनूस तडकण्याची भीती असते. रत्नागिरीत ती भीती बाळगण्याचे कारण नाही. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जुलैत पेटीतल्या गिटारच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि समुद्राच्या हवेने तारा पंधरवड्यात खरखरीत होतात.

आमची गिटार १९९८ साली मुंबईत घेतलेली. खारी हवा आणि आमचा डावा हात यांनी तिच्या शिसवी पट्टीची चाळण केली होती. पडदे दोनदा बदलले, प्रत्येक वेळी उपटताना लाकडाचे टवके निघाले. शेवटी पुण्यातल्या एका कारागिराने सांगितले की, आता पट्टीच नवी घालावी लागेल, आबनूस घालू की शिसव, बोला. आबनुसाची किंमत ऐकून आम्ही विचारले, हे येते कुठून? तो म्हणाला, “आफ्रिकेतून. पण एवढं काळं आता सहज मिळत नाही, सर. बऱ्याच वेळा रंगवलेलंच असतं.”

त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील टेलर कंपनीने २०११ साली कॅमेरूनमधील आबनुसाची एक गिरणी घेतली, तेव्हा बॉब टेलर यांना कळले की झाड आतून पूर्ण काळे आहे की चट्ट्यापट्ट्यांचे, हे पाडल्याशिवाय समजत नाही. दहांतून एखादेच पुरते काळे निघे. बाकीची पाडून जंगलातच टाकून देत, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. टेलर यांनी पट्ट्यांचे लाकूडही घ्यायचे ठरवले. एका रंगाच्या हट्टापायी नऊ झाडे जमिनीवर कुजत पडत होती, आणि त्या हट्टाचा स्वराशी काडीचा संबंध नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिब्सनच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारचे छापे पडले. हस्तगत झालेल्या मालात भारतातून गेलेल्या आबनुसाच्या आणि शिसवाच्या पट्ट्यांची कच्ची फळकुटे होती. प्रश्न असा की, हे लाकूड ‘तयार माल’ म्हणून भारताबाहेर गेले की ‘कापलेले लाकूड’ म्हणून. पहिले चालते, दुसऱ्याला बंदी. दोन वर्षांपूर्वी मादागास्करच्या आबनुसावरूनही छापा पडला होता. २०१२ साली समझोता झाला. गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला, आणि भारतीय लाकूड, कायद्याचा अर्थच संदिग्ध म्हणून, परत देण्यात आले. २०१७ च्या आरंभापासून शिसवाच्या साऱ्या गोतावळ्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्ये २०१९ च्या अखेरीस त्यांतून सुटली.

रत्नागिरीकराला या बातम्या नव्या वाटू नयेत. लाकडाच्या अशाच एका तंट्याने आमच्या गावात एक राजा आणून ठेवला होता. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ठरल्याहून अधिक सागवान नेल्याबद्दल जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. वर्ष सरण्यापूर्वी मंडाले पडले आणि १८८६ मध्ये थिबा राजा रत्नागिरीत बंदिवान म्हणून आला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा भाट्याच्या खाडीकडे तोंड करून आजही उभा आहे; १९१६ साली तो येथेच वारला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’मध्ये (२०००) हे सागवान आणि हा राजा दोन्ही आहेत. आम्ही ती कादंबरी वर्गात घेतो तेव्हा मुले राजाविषयी प्रश्न विचारतात, सागवानाविषयी सहसा कोणी विचारत नाही.

आम्ही कारागिराला सांगितले, लाकूड आम्ही आणतो. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ओटीवरचा झोपाळा तसाच राहिला होता. कडीजवळ चीर गेल्याने त्यावर कोणी बसत नव्हते, आणि तीन घरांपैकी कोणाच्या फ्लॅटमध्ये तो मावतही नव्हता. आमचे थोरले चुलतभाऊ लगेच हो म्हणाले. आत्या म्हणाल्या नाहीत. “झोपाळ्याची फळी ती. तिच्यावर बसायचं असतं, बोटं कसली फिरवतोस?” त्यांचे लहानपण, माहेरपण, आणि वैधव्यानंतरची पहिली चार वर्षे त्या झोपाळ्यावर गेलेली होती. आमच्याजवळ या बोलण्यावर उत्तर नव्हते. दोन महिन्यांनी त्यांचाच निरोप आला: चिरलेला भाग सोडून उरलेल्या फळीचे देवघरासाठी दोन पाट करून द्या, मग राहील ते तुझे.

गावातल्या सुतारांनी फळी उभी कापली. “मास्तर, ह्याच्यावर रंधा चालत नाय, रंधाच झिजतो,” एवढेच ते म्हणाले. वरचा काळा थर म्हणजे शंभर वर्षांचे तेल, धूर आणि माणसांचा घाम होता. आत लाकूड तपकिरी निघाले, मध्ये जांभळ्या शिरा. पुण्याला पट्टी बसवताना कारागिराने विचारले, वरून काळी करून देऊ का, आबनुसासारखी दिसेल. आम्ही नको म्हटले.

दिवाळीत ती गिटार गावी नेली. आत्या पाटावर बसून एकेक स्वर ऐकत होत्या. उबदार की उजळ, याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या तारेवर एका जागी त्यांनी हात वर केला. “हा एकच का रे लवकर बुडतो?” पुन्हा वाजवून पाहिले. खरोखरच बुडत होता. जुन्या पट्टीवर तो किती टिकत होता, हे सांगायला ती पट्टी आता नाही. कारागिराने ती वाफेने सोडवली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते.