दादांचा ॲम्प्लिफायर

पुण्याच्या सदाशिव पेठेतील जुने वाडे आता एकामागून एक उतरवले जात आहेत. वाडा पडण्याआधी त्यातील वस्तूंना नवे धनी शोधावे लागतात. शिसवी पलंगाला किंवा पितळी घंगाळाला गिऱ्हाईक लगेच मिळते. परंतु बंद पडलेल्या यंत्राला कोणी विचारीत नाही. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, त्यांचा ॲम्प्लिफायर अशाच वस्तूंपैकी एक होता. १९७९ साली त्यांनी तो मोठ्या हौसेने घेतला होता. दादा गेल्यानंतर पुढे केव्हातरी वहिनींनी तो लावून पाहिला, तेव्हा दिवा लागला, पण आवाज उमटला नाही. तेव्हापासून तो कोनाड्यात मुका बसून होता. वहिनी कोथरूडला लेकाकडे राहायला जायच्या होत्या आणि रविवारी भंगारवाला येणार होता. आतील रोहित्रात तांब्याची तार पुष्कळ असते, म्हणून वजनावर बरे पैसे येतील, असे पुतण्याने हिशेब करून सांगितले.

वहिनींची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. वाचन सुटले, विणकाम सुटले; उरले ते ऐकणे. त्या मला म्हणाल्या, "भावजी, विकायचा तर विका, पण एकदा कोणीतरी पाहा तरी, त्याला झालंय काय ते." मी उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला. तारांशी माझा संबंध दोरीवर कपडे वाळत घालण्यापुरता! तरीही वहिनींचा शब्द मोडवेना. सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीला बरोबर घेतले आणि गुरुवारी सकाळी वाड्यावर गेलो.

मुलांनो, ॲम्प्लिफायर म्हणजे काय ते आधी सांगतो. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या खाचेतून धावू लागली, की तिच्या कंपनांतून वीज उत्पन्न होते. पण ती किती? साधारण पाच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. विजेरीतील सेलचा दाब याच्या तीनशे पट असतो. एवढ्याशा विजेने कर्ण्याचा पडदा हलणार कसा? तिला बळ देऊन मोठे करणे, हे या यंत्राचे काम. पूर्वी ते काचेचे व्हॉल्व्ह करीत. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर ते काम हळूहळू त्याच्याकडे गेले. दादांचा ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा होता आणि 'स्टीरिओ' होता, म्हणजे डाव्या आणि उजव्या आवाजांसाठी त्यात दोन वेगळ्या वाटा होत्या. ही कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याची. चित्रपटात नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येत राहतो, हे त्याला खटकले, असे सांगतात. १९३१ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. स्टीरिओ तबकड्या दुकानांत येण्यास मात्र १९५८ साल उजाडले.

यंत्राचे झाकण उघडायचे नाही, हा नियम मी प्रथमच घालून दिला. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. शिवाय अशा यंत्रातील मोठे कंडेन्सर बटण बंद केल्यावरही काही काळ वीज साठवून ठेवतात, आणि ती अननुभवी हाताला दया दाखवीत नाही. तेव्हा जे पाहायचे ते बाहेरून.

विद्यार्थी वाक्यात अडला, की मी त्याला विचारीत असे, "तुला कळलेले शब्द कोणते, ते आधी सांग." तीच रीत येथे धरली. प्लग काढून कर्ण्यांच्या तारा यंत्रापासून सोडवल्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल त्यांच्या टोकांना क्षणभर टेकवला. डाव्या कर्ण्यातून 'टक्' असा आवाज आला. उजव्यातूनही आला. म्हणजे दोन्ही कर्णे जिवंत, तारा शाबूत. मग तारा पुन्हा जोडून यंत्र सुरू केले. तांबडा दिवा लागला. ग्रामोफोनऐवजी नातीने आपल्या आईचा मोबाइल एका तारेने मागच्या दुसऱ्या खोबणीत जोडला, निवडीची कळ तिकडे वळवली आणि त्यावर गाणे लावले. कर्णे गप्पच. तेव्हा दोष एकट्या ग्रामोफोनचा नव्हता.

"आजोबा, कान लावून ऐका," ती एकदम म्हणाली. कर्ण्याजवळ अगदी बारीक 'सूं' असा नाद येत होता. आवाज लहानमोठा करण्याची कळ तिने फिरवली, तशी ती घरघर वाढली आणि उलट फिरवताच विरली. उजवीकडेही तेच.

ही घरघर मला फार मोलाची वाटली, कारण तिने निम्मे घर झाडून दिले. कळ फिरवल्याने नाद वाढतो, याचा अर्थ त्या कळीपासून कर्ण्यापर्यंतची सारी वाट मोकळी आहे. अडथळा आहे तो कळीच्या आधी. आणि दोन्ही वाटा एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, आपापल्या कारणाने बंद पडाव्यात, हे संभवत नाही. नात बोटे मोजीत म्हणाली, "शाळेत दोन मुलं एकदम गैरहजर असली, तर दोघांना वेगवेगळा ताप आला असं नसतं. ती एकाच लग्नाला गेलेली असतात!" मी चाळीस वर्षे हजेरी घेतली, पण हा दृष्टान्त मला कधी सुचला नाही. ते लग्नघर, म्हणजे दोन्ही वाटांना सामाईक असलेली एखादी वस्तू, आता शोधायची होती.

कळीच्या अलीकडे सामाईक अशी बटणेच तेवढी होती. त्यांवरची अक्षरे पुसट झाली होती. नातीने भिंगातून एकेक वाचले. एका चौकोनी बटणाखाली 'टेप' असे होते आणि ते बटण आत दाबलेले होते.

त्या काळच्या ॲम्प्लिफायरमध्ये हे बटण हटकून असे. टेपरेकॉर्डरवर गाणे उतरवून घेत असतानाच ते फितीवर कसे उमटले आहे, हे ऐकता यावे, म्हणून ही सोय. बटण आत असले, की यंत्र इतर कोणाचेही ऐकत नाही. फक्त टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहते. आणि दादांचा टेपरेकॉर्डर तर, ते गेल्यावर महिन्याभरातच, नाशिकच्या भाच्याने नेला होता.

मी हे वहिनींना समजावून सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या रात्री त्यांनी टेपच लावली होती. आकाशवाणीच्या संगीत संमेलनातलं गाणं होतं, रेडिओवरून उतरवून घेतलेलं. संपल्यावर यंत्र बंद करून निजले. मी स्वयंपाकघरात होते."

दादांचे शेवटचे ऐकणे ज्या बटणावर थांबले होते, ते बटण नंतर कोणीच हलवले नव्हते. नातीचा हात बटणाकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. "मोठी आजी, तू दाबतेस?" तिने विचारले. वहिनींचे बोट धरून तिने ते बटणावर नेऊन ठेवले. बटण खटकन बाहेर आले. मोबाइल काढून आम्ही हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. डाव्या कर्ण्यातून स्वच्छ सूर आला. उजवीकडून मात्र चुलीत ओले लाकूड तडतडावे तशी खरखर आली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि तबकडीची ती बाजू संपेपर्यंत कोणीच बोलले नाही. पुतण्याने भंगारवाल्याला निरोप धाडला, तो मला न विचारताच.

उजवीकडच्या खरखरीचे कारण बुधवार पेठेत कळले. पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीत आज विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाची दाट बाजारपेठ आहे. तेथे सुट्या भागांच्या ढिगात बसलेला एक म्हातारा कारागीर आम्हाला भेटला. त्याने झाकण काढले, मीटरने कंडेन्सर तपासून त्यात साठलेली वीज बेताने उतरवली आणि मगच आत बोट घातले. बटणांच्या आत चांदीचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात. देव्हाऱ्यातील चांदीची निरांजने हवेतील गंधकाच्या अंशाने काळी पडतात, तशाच याही काळ्या पडतात, आणि पाच मिलिव्होल्टची दुबळी वीज तो काळा थर ओलांडू शकत नाही. त्याने एका औषधाचा फवारा मारला आणि प्रत्येक बटण वीस-वीस वेळा दाबायला नातीला सांगितले. तिने ते काम असे केले, की शेजारच्या दुकानातील माणसे पाहायला आली. आतील एकही भाग त्याने बदलला नाही. "चालणाऱ्या भागाला हात लावायचा नसतो, सर," तो म्हणाला. मी शिक्षक होतो, हे त्याने कशावरून ओळखले कोण जाणे; पुण्यात ते लपत नाही हेच खरे.

ॲम्प्लिफायर आता कोथरूडला, वहिनींच्या खाटेजवळ आहे. नाशिकच्या भाच्याला पत्र टाकले होते. टेपरेकॉर्डर त्याच्या माळ्यावर सापडला. परंतु आतील रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा चिकट झाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो यंत्र घेऊन येणार आहे. दादांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी लावलेली ती फीत वहिनींनी आपल्या कपाटात, रेशमी लुगड्यांच्या घडीत ठेवली आहे, आणि नातीने पट्ट्याचे माप विचारायला बुधवार पेठेत एकदा जाऊनही आली.