सुरीचे पोलाद

बकरी ईद जवळ आली की घराघरांतून सुऱ्या बाहेर निघतात. कुणी शिकलगाराकडे जातो, कुणी नवीच विकत आणतो. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी धारदार असावी आणि तिला धार त्याच्या डोळ्यांदेखत लावू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. त्यामुळे सुरीचे पोलाद हा विषय फक्त कारागिरांचा राहत नाही.

आमच्याकडची अब्बांच्या वेळची सुरी गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेली आहे. पाटा तापवायचा, ठोकायचा, मग पाणी द्यायचे. लालबुंद पोलाद एकदम थंड केले की कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवतात. ही सुरी काळी पडते, ओली राहिली तर गंजते. पण दगडावर चार हात फिरवले की धार येते. अम्मी ती पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवूनच ठेवत.

पुढे आम्ही बाजारातली एक स्टेनलेसची सुरी घेतली. ती उत्तम निघाली. काही वर्षांनी त्याच नावाची, तशाच मुठीची दुसरी आणली. कुरबानीच्या दिवशी कसाईभाईंनी तिची धार अंगठ्यावर पाहिली, बाजूला ठेवली आणि स्वतःची सुरी काढली. दुकानदार म्हणाला, “भाभी, माल तोच आहे. फक्त आता दुसरीकडून बनवून येतो.”

माझा भाचा भोसरीत टूलरूममध्ये काम करतो. त्याला ती सुरी दाखवली तेव्हा तो हसला. “खाला, स्टेनलेस हे एका पोलादाचे नाव नाही, ते एक मोठे खानदान आहे.” त्याने समजावले ते असे: स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्यामुळे गंज टळतो. धार मात्र मुख्यतः कार्बनवर आणि पाणी कसे दिले यावर टिकते. ताटल्या-वाट्यांच्या स्टेनलेसमध्ये कार्बन अगदी नगण्य असतो. त्याची सुरी चमकेल, पण धार धरणार नाही.

मग पोलाद बदलणे वाईटच का? तसे नाही. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० क्रमांकाचा घडीचा चाकू १९६४ मध्ये आला. त्याचे पाते आधी ४४०सी पोलादाचे होते, त्यात सुमारे एक टक्का कार्बन. धार खूप टिके, पण एकदा गेली की घरच्या दगडावर पुन्हा लावणे लोकांना जड जाई. १९८० च्या दशकात कंपनीने पोलाद बदलले आणि पुढे ४२०एचसी आणले. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते यंत्रावर कापायला सोपे आणि स्वस्तही. कागदावर ते हलके वाटते. पण पॉल बॉस या जाणकाराच्या पद्धतीने त्याला नीट पाणी दिले जाते, म्हणून तो चाकू आजही नावाजलेला आहे. शिवाय पाते कोणत्या पोलादाचे, हे कंपनी उघड सांगते.

माझा मुद्दा इथेच आहे. पोलाद महागते, जुना पुरवठादार बंद पडतो, कारखाना काम बाहेर देतो. व्यापारात हे चालायचेच. पण बदल झाला असेल तर तो गिऱ्हाइकाला सांगावा. मालातली उणीव झाकून विकणे आपल्याकडे नाजायज मानले आहे; जुन्या नावाच्या पुण्याईवर हलका माल खपवणे याहून वेगळे कसे?

तेव्हा यंदा सुरी घेताना केवळ छाप पाहू नका. पोलाद कोणते आणि ती कुठे बनते, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर एखादा जुना लोहार किंवा शिकलगार शोधा. ईदच्या आठ दिवस आधी ती घरी कापून पाहा. त्या दिवशी बोथट सुरीची किंमत आपण मोजत नाही, मुके जनावर मोजते.