डोक्यावरचं ओझं

डहाणूच्या खाऱ्या हवेत पुस्तक सांभाळणं म्हणजे आजारी माणसाची उस्तवार. पावसाळ्यात पुठ्ठे फुगतात, पानांना बुरशी धरते. वाळवी लागल्याचं कळतं ते भिंतीवर मातीची रेघ चढल्यावरच. त्यामुळे जागा अपुरी पडली तशी पुस्तकं वर चढवत गेलो. आधी कपाटावर, मग माळ्यावर, शेवटी पलंगाच्या उशाशी फळी ठोकून.

नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि घरच्यांना आयता मुद्दा मिळाला. "एवढं ओझं डोक्यावर घेऊन कोण झोपतं?" बायकोचं खरंच होतं. कोशांचे जाड खंड जमिनीलगत आले. कादंबऱ्या अजून वरच आहेत. पडल्या तरी फार लागणार नाही, हा माझा युक्तिवाद.

रद्दीवाल्याला मात्र फाटकं मासिकही देववत नाही. बाबासाहेबांनी दादरला राजगृह हे घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी केला. आपली ऐपत दोन खोल्यांची. आवराआवरीत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'च्या दोन प्रती निघाल्या. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक इथल्याच माणसांचं, १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांचं. ते ज्या झरीला जमले, ते गाव आज तलासरी तालुक्यात आहे. त्या वारल्यांच्या पतवंडांच्या हाती हे पुस्तक पडायला हवं, माझ्या माळ्यावर नव्हे.

तलासरीकडच्या एखाद्या आश्रमशाळेत कोरडं, रिकामं कपाट असेल तर कळवा. पुस्तकं मी पोचवतो.