कागदाचे पांढरेपण

घरातील आईला विश्रांती केव्हा मिळते, असे विचारले तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : रात्री झोपल्यावर. आमच्या मते ती विश्रांती नव्हे; ती दुसऱ्या दिवशीच्या कष्टांची केवळ तयारी होय.

वसईच्या धर्मग्रामांतून घरभेटीसाठी फिरताना आम्ही वर्षानुवर्षे एक दृश्य पाहत आलो आहोत. घरातील सारी मंडळी आमच्याभोवती बसलेली असतात आणि आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. पहाटे पाणी भरणे, डबे करणे, धावतपळत विरारची लोकल गाठणे, दिवसभर कचेरी. संध्याकाळी भाजी-मासळी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे. दिवसातील प्रत्येक घटका कुणासाठी तरी खर्च झालेली असते. तिच्या त्यागाचे आपण तोंडभरून कौतुक करतो. तिला एक तास मात्र कोणी देत नाही.

अशा माउलींना आम्ही एक साधा विरंगुळा सुचवू इच्छितो : जलरंगांनी चित्र काढणे. सेमिनरीत असताना एका वृद्ध गुरुजनांनी आम्हांला या रंगांची गोडी लावली. त्या गोष्टीला तीस वर्षे उलटली. आम्ही चित्रकार झालो नाही आणि होणारही नाही. तथापि सोमवारी सकाळी तासभर कुंचला हाती घेतला की, आठवडाभर साचलेला मनातील गाळ हळूहळू खाली बसतो, हा आमचा स्वानुभव आहे.

आमच्या परिचयाच्या एका परिचारिका भगिनीची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. दर जूनमध्ये मुलांसाठी नवी रंगपेटी येई आणि जुन्या पेटीत अर्ध्यामुर्ध्या वड्या शिल्लक राहत. रात्रपाळीहून परतल्यावर, मुले शाळेत गेली की, त्या वड्यांनी त्या कधी केळीचे पान, कधी विहिरीचा रहाट, कधी नुसते ढग रंगवू लागल्या. चित्रे मात्र कपाटात साड्यांखाली लपवून ठेवीत. एके दिवशी ती यजमानांच्या हाती लागली. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, "याचा उपयोग काय?" त्या बाई आम्हांला म्हणाल्या, "फादर, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चोरी पकडली गेल्यासारखे वाटले." आपल्याच घरात, आपल्याच हक्काचा अर्धा तास घेताना एका आईला चोरी केल्यासारखे वाटावे, ही गोष्ट आम्हांला फार लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

जलरंग आईच्या जीवनाला विशेष मानवतात, याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. रंगाची पूड बाभळीच्या कुळातील झाडांच्या डिंकात घोटून हे रंग तयार करतात. हा डिंक वाळला तरी पाण्याने पुन्हा विरघळतो. त्यामुळे मध्येच दूध उतू गेले, दाराशी कोणी आले, मूल रडू लागले, तर कुंचला धुऊन खुशाल उठावे. बशीतील वाळलेला रंग आठ दिवसांनीही पाण्याच्या दोन थेंबांनी जागा होतो. तैलरंगांना टर्पेंटाइनचा वास असतो आणि ते वाळायला कित्येक दिवस लागतात. जलरंगांचा संसार आटोपशीर. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडावा आणि पाच मिनिटांत आवरावा.

सामग्रीही थोडीच लागते. रंगांची साधी पेटी, टोक नीट जुळणारा आठ नंबरचा एक गोल ब्रश, पांढरी बशी, जुने फडके आणि पाण्याचे दोन पेले : एक ब्रश धुण्यासाठी, दुसरा स्वच्छ पाण्यासाठी. खर्च करायचाच तर कागदावर करावा. शाळेच्या वहीचा पातळ कागद ओला होताच फुगतो आणि नवशिक्याला वाटते की, दोष आपल्या हाताचा आहे. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी नीट पेलतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांच्या लगद्यापासून जाड कागद घडविला. वापरून झालेल्या कापडाला असा दुसरा जन्म मिळतो, हे गृहिणीला निराळे सांगायला नको.

आरंभ आकाशाने करावा. कागद चिकटपट्टीने फळीवर बसवावा, फळी किंचित उतरती ठेवावी, स्वच्छ पाण्याने वरचा भाग ओला करावा आणि निळ्या रंगाने भरलेला ब्रश वरून आडवा फिरवीत खाली यावे. मग हात आवरावा. रंग पाण्यातून आपल्या वाटेने पसरतो. त्याला वळण लावू गेल्यास तो गढूळ होतो. पहिला थर वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही आणि पावसाळ्यात तो वाळायला फारच वेळ लागतो. अखंड धावणाऱ्या बाईला येथे निरुपायाने स्वस्थ बसावे लागते. खिडकीबाहेर पाहावे, चहा घ्यावा. हे थांबणेही चित्राचाच भाग आहे.

अशा कलाकर्माचा मनावर परिणाम होतो, याला थोडासा शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कोलाज, माती वा मार्कर यांनी मनाजोगे काही करू दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण उतरले. पूर्वी कला शिकलेले व न शिकलेले यांत फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात जलरंग नव्हते, हेही ध्यानी घ्यावे. शिवाय झोप उडाली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर रंगपेटीवर विसंबू नये. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

जलरंगांची सर्वांत मोठी शिकवण पांढऱ्या रंगाविषयी आहे. सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. बोटांतून पाझरणारा तो उजेड जलरंगांत साधलेला आहे. पारदर्शक जलरंगांत उजेड रंगपेटीतून येत नाही. तो खालच्या कागदाचा असतो. जेथे पांढरे हवे तेथे रंग न लावता कागद कोराच सोडायचा, आणि हे आरंभीच ठरवायचे. पेटीत पांढरी वडी असली तरी मागाहून तिने दिलेला पांढरा खडूसारखा फिका दिसतो. एकदा रंगाखाली गेलेले कागदाचे तेज पूर्ववत परत येत नाही.

आईचा मोकळा वेळ हा असाच आहे. सर्व कामे उरकल्यावर उरेल तो आपला, असे म्हणणाऱ्या बाईला काहीच उरत नाही. दिवसाचा कागद रंगवायला घेण्यापूर्वीच तिने आपला कोपरा कोरा राखून ठेवला पाहिजे; आणि तो राखणे तिच्या एकटीच्या हाती नसते. म्हणून आमची विनंती घरातील इतरांना आहे. आठवड्यातून एक तास ठरवा. त्या तासात भात यजमानांनी लावावा, भांडी मुलामुलींनी घासावीत, दार आजोबांनी उघडावे. तिचे चित्र पाहून स्पर्धेची वा विक्रीची गोष्ट काढू नका. भेटकार्डांची मागणी तर मुळीच करू नका. नाहीतर तोही तास पुन्हा दुसऱ्यांच्या कामाचा होईल.

त्या परिचारिका भगिनींना आम्ही एवढेच सुचविले की, चित्रे साड्यांखालून काढून टेबलाच्या खणात ठेवावीत. त्यांनी तसे केले. त्या खणावर आता त्यांचे नाव आहे. धाकट्या मुलीने ते निळ्या जलरंगात लिहिले आहे.